राजदूतची प्लगवायर

दिघोरी, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय दुर्गेश,

आशीर्वाद. पाकिटावर बापाचं अक्षर पाहून आधी घाबरशील, मग हसशील. जिल्हा परिषदेत सगळा जन्म हातपंप दुरुस्त करण्यात आणि त्यांची रजिस्टरं भरण्यात गेला, त्याच किरट्या अक्षरात लिहितो आहे. लागलं तर लागलं, नाहीतर सूनबाईला, रितिकाला दे, तिला माझं अक्षर लागतं. पहिली बातमी अशी की तू पुण्याहून पाठवलेली प्लगची वायर फर्स्टक्लास निघाली. लालभडक रंग, आठ मिलिमीटर जाडी, हाताला मऊ. चंद्रभान मेकॅनिकने बसवली आणि आपली राजदूत पहिल्या किकला सुरू झाली. चौतीस वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे, पण पहिल्या किकला सुरू झाल्याचं मला तरी आठवत नाही. चंद्रभान म्हणाला, "काका, आता हिले इस्पीड ब्रेकर दाखवत जा, नाहीतं उडून जाईन." दुसरी बातमी अशी की ती वायर मी काढून ठेवली आहे. जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून, पान्यांच्या पेटीत. रागावू नकोस. वायरीत काही खोट नाही, आणि यात तुझी चूक तर मुळीच नाही.

हे फोनवर सांगता आलं नसतं. आपला फोन कसा चालतो, तुला ठाऊक आहे. तू विचारतोस, आई कशी आहे. मी म्हणतो, बरी आहे. तू विचारतोस, गोळ्या घेते ना. मी म्हणतो, घेते. मग दोघंही गप्प. त्या गप्प बसण्यातून सुटायला आपण गाडीवर येतो आणि गाडीवर आलो की आपल्याला थांबवायला कोणी लागतं. तुझ्या दहावीनंतर आपण एवढं कधी बोललो नव्हतो जेवढं या डिसेंबरात एका वायरीवर बोललो. मी सांगितलं होतं की सकाळच्या दवात गाडी भकभक करते, दिघोरी नाक्यावर बंद पडते. तू फोटो मागवलास. जुनी वायर पार कडक झाली होती, भेगाळली होती. संध्याकाळच्या अंधारात पाहिलं तर त्या भेगांतून निळ्या ठिणग्या इंजिनावर उडताना दिसत. मला रोग लगेच कळला. पाइप मध्येच गळत असला तर कितीही हापसा, पाणी वर येत नाही.

मग तू सुरू झालास. रोज एक लिंक. ही सात मिलिमीटरची, ती आठची. ही निळी, हिची टोपी कोनात वळलेली, तिची सरळ. हिला लोकांनी चार चांदण्या दिल्या, तिला साडेचार. मी चष्मा लावून सगळं वाचत होतो. चंद्रभान मात्र वैतागला. म्हणाला, "काका, ताम्याची घ्या, घाट रोडले मीटरवर भेटते. हातभर वायर अन् एक टोपी, एवढ्यासाठी पोराले काहून तरास देऊन राहिले?" त्याला काय सांगणार, की त्या त्रासासाठीच तर चाललं आहे. तीन आठवडे तू रोज फोन करत होतास. ऑफिसातून निघालास की आधी मला. वायर लवकर ठरू नये असं मला वाटत होतं, हे आज कबूल करतो. शेवटी तू ती लाल वायर पक्की केलीस आणि लिहिलंस की हिच्या आत तांब्याऐवजी कार्बन आहे, टोपीतही रेझिस्टर आहे, त्यामुळे ठिणगीचा त्रास बाहेर जात नाही, आसपासचा रेडिओ खरखरत नाही. ते वाचून माझ्या डोळ्यांपुढे आईचा स्वयंपाकघरातला रेडिओ आला. राजदूत गल्लीत शिरली की तो बिचारा नेहमी खरखरायचा, बातम्या देणारा माणूस मध्येच तळला जायचा. म्हटलं, चला, या वयात बायकोला एक भेट. मी तुला लगेच कळवलं, हीच पाठव.

तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला निवृत्तीनंतर गाडीचा छंद लागला आहे. मी तुला तसं वाटू दिलं. आता खरं लिहितो. दुर्गेश, तुझी आई मला ओळखत नाही. दिवाळीला तुम्ही आलात तेव्हा भाजीत दोनदा मीठ पडत होतं, दळणाचा डबा सापडत नव्हता, एवढंच तुम्ही पाहिलंत आणि आपण सगळे हसलो. तुम्ही गेलात आणि आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर ती पदर सावरून उठून उभी राहिली. म्हणाली, "कोन पाहिजे?" मला वाटलं चेष्टा करते. चेष्टेत ती मला कधी हार जात नाही, हे तू पाहिलं आहेसच. मी म्हटलं, गोपिकाबाई पाहिजे. तिने विचार केला आणि म्हणाली, "मीच हाव. पण हे घरी नाहीत, नंतर या." तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, भीती होती. परका माणूस घरात, टॉवेलवर, आणि आपण एकट्या. मी कपडे घातले, गाडी काढली आणि बाहेर पडलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. नाक्यापर्यंत जाऊन, चौकात पाच मिनिटं उभा राहून परत आलो. तर ती दारात उभी. "आले का तुमी? चहा ठेवला आहे. अवो, कोनीतरी मानूस येऊन गेला, मले चांगला नाही वाटला." मी हात-पाय धुतले आणि तिच्या हातचा चहा प्यालो.

तेव्हापासून मी दिवसातून दोनदा माझ्या घरी येऊ लागलो. सकाळी नवाला आणि संध्याकाळी सातला. तिची चुळबुळ सुरू झाली, माझ्याकडे तिरप्या डोळ्यांनी पाहू लागली की मी गाडी काढायचो, शेजारच्या बायजाबाईंना हाक मारून आईजवळ बसायला सांगायचो आणि नाक्यापर्यंत चक्कर मारून यायचो. येताना मात्र मी तिचा नवरा असायचो. मग दोन-तीन तास बरे जायचे. ती माझ्यावर डाफरायची, औषध विसरलात म्हणायची, तुझ्या लहानपणीचं काहीबाही सांगायची. डॉक्टरला हे सांगितलं. ते म्हणाले, ओळख अशी येत-जात राहील, जोवर येते तोवर आनंद माना. म्हणून ती गाडी धड चालायला हवी होती. एकदा सकाळी दवात ती नाक्यावर बंद पडली आणि मी ती ढकलत आणली, तर आईने मला दारातून आत घेतलं नाही. बायजाबाईंनी समजूत घातली तेव्हा कुठे बाजूला झाली. तू लिंका पाठवत होतास त्या दिवसांत माझं हे चाललं होतं. आणि मी तुला विचारत होतो की निळी बरी का लाल.

लाल वायर बसवली त्या संध्याकाळी मी सातला आलो. गाडी गुळगुळीत चालत होती, मला वाटलं आज वेळेवर, रुबाबात घरी जातो आहे. दार बंद. कडी वाजवली तर फटीतून पाहून म्हणाली, "हे घरी नाहीत. सातले येतात. तवरिक बसा भाऊ." आणि पाण्याचा तांब्या ओसरीवर आणून ठेवला. चाळीस वर्षांत तिने मला पुष्कळ नावं ठेवली, पण भाऊ कधी म्हटलं नव्हतं. मी ओसरीवरच्या खुर्चीत बसलो. परत एक चक्कर मारून आलो. पुन्हा भाऊ. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, रोग पुढे सरकला. मग वाटलं, शर्ट बदलला म्हणून असेल, मी जुना खाकी शर्ट घातला. हेल्मेट काढून आलो, घालून आलो. हॉर्न वाजवत आलो तर गल्लीतली पोरं हसली. पंप चालत नसला की आपण एकेक भाग खोलून पाहतो, तसं मी स्वतःला खोलून पाहत होतो आणि बिघाड सापडत नव्हता.

तो सापडला बायजाबाईंना. चौथ्या दिवशी मी त्यांच्यापाशी रडकुंडीला आलो, तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, रेडिओ काहून खरखरत नाही आता? वहिनी तं रेडिओ खरखरला की उठते. मी रोज पाहून राहिली. खरखर झाली का म्हनते, हे आले, अन् चहा ठेवून दाराशी जाते." मी तिथंच पायरीवर बसलो. तुला आठवतं, मी नेहमी फुशारकी मारायचो की मी गल्लीत वळलो की तुझ्या आईला कसं कळतं कोण जाणे, पण चहा उकळत असतो? ऑफिसातल्या लोकांना मी हे सांगितलं आहे. कोणी म्हणायचं, जन्माचं नातं आहे बाप्पा. उमरेड रोडवर दिवसभर ट्रक आणि एसटी चालतात, त्यात एका राजदूतचा आवाज कोणाला ऐकू येणार, म्हणून मीही ते खरं धरून चाललो होतो. आणि ती चौतीस वर्षं रेडिओ ऐकत होती. माझ्या गाडीची ठिणगी त्या रेडिओत जायची आणि तिला कळवायची. मी तिला कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. मन विझत चाललं, माणसं गेली, नावं गेली, माझा चेहरा गेला, तरी ती खरखर तिच्याजवळ राहिली होती. ती मी चंद्रभानच्या हातून काढून टाकली. भेट म्हणून.

कुही तालुक्यात मला एका म्हातारीने एकदा शिव्या घातल्या होत्या. तिच्या दारासमोरचा हातपंप गळायचा, तिने अर्ज दिला नव्हता, पण मला गळती सहन होत नाही. मी दोन तास घाम गाळून थेंबही पडणार नाही असा तो घट्ट केला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर ती अंगावर आली. "माया धोपा वाळवला तुनं. कोनं सांगतलं होतं तुले?" पंपाच्या गळक्या पाण्यावर तिने धोपा लावला होता, तुमच्या पुण्याचा अळू. त्याच्या वड्या करून ती बाजारात विकायची. मी तेव्हा खूप हसलो होतो आणि घरी येऊन तुम्हा दोघांना नक्कल करून दाखवली होती. आता ती म्हातारी मला रोज आठवते.

जुनी वायर परत मिळावी म्हणून मी चंद्रभानकडे धावलो. "काका, ते तं कबाडीत गेली. भंगारवाला येऊन गेला सोमवारी." मग मी घाट रोड पालथा घातला. तू जी निवड तीन आठवड्यांत केलीस तीच मी उलट्या बाजूने दोन दिवसांत केली. तुझ्या यादीत जी वायर सगळ्यांत वाईट ठरली होती ती मला हवी होती. तांब्याची, साध्या टोपीची, ठिणगी बाहेर फेकणारी. दुकानदार चांगल्या वायरी पुढे करत होते आणि मी म्हणत होतो, याहून हलकी दाखवा. कुठली खरखरते ते ओळखायचं कसं, म्हणून मी आईचा रेडिओच पिशवीत घालून नेला होता. हे लक्षात ठेव, मी रेडिओ घरून नेला. ते पुढे येईलच. चंद्रभान बरोबर आला होता. दुकानाच्या पायरीवर रेडिओ ठेवायचा, मीडियमवर आकाशवाणी लावायची, गाडी सुरू करायची, आणि एकेक वायर लावून ऐकायचं. पहिली गप्प. दुसरी नुसती चुरचुरली, तेल तापलं नसताना मोहरी टाकल्यासारखी. टोपी बदलली, प्लगही जुन्या पद्धतीचा घातला. तिसऱ्या वायरीला रेडिओने असा काही आवाज काढला की मी पायरीवर टाळी वाजवली. दुकानदार म्हणाला, "काका, लोकं खरखर घालवाले येतात, तुमी आनाले आले!" चार माणसं हसली. मीही हसलो, दुर्गेश. कितीतरी दिवसांनी हसलो. वाटलं, जमलं. एवढंच तर होतं.

पण एका दिवसात काम झालं नव्हतं. पहिल्या दिवशी योग्य टोपी मिळाली नाही म्हणून रेडिओ चंद्रभानच्याच दुकानात राहिला. दोन दिवस स्वयंपाकघरातली फळी रिकामी होती. मी इतका वायरीच्या मागे लागलो की हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी रेडिओ आणून फळीवर ठेवला, पुसला, लावला. आई लांबून पाहत होती. म्हणाली, "कोनाचा रेडिओ आनला?" मी म्हटलं, तुझाच आहे. म्हणाली, "आमचा नाही हा. ज्याचा असन त्याले देऊन टाका." संध्याकाळी बायजाबाईंना आत बसवलं आणि बाहेर पडलो. नाक्यावर सातची वाट पाहत उभा होतो तेव्हा सारखं घड्याळ पाहत होतो. लग्नासाठी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हाही एवढ्या वेळा पाहिलं नव्हतं. गल्लीत वळलो, मुद्दाम हळू, दुसऱ्या गिअरमध्ये. दारात कोणी नव्हतं. आत रेडिओ जोरात खरखरत होता, मला रस्त्यावर ऐकू येत होता. आणि मी गाडी लावत असताना तो बंद झाला. बायजाबाईंनी मागून सांगितलं की खरखर सुरू होताच आई उठली. त्यांना वाटलं दाराशी जाईल. तिने कान पिळून रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "लोकाची चीज, बिघडली तं आपल्यावर येईन."

त्यानंतर रोज प्रयत्न केला. सकाळी, संध्याकाळी, एकदा दुपारीही. तिला आता खरखरीचं काही नाही. रेडिओ लावू देत नाही. डॉक्टर म्हणतात, हे व्हायचंच होतं, वायरीमुळे नाही, रेडिओमुळे नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. ते शिकलेले आहेत, खरं सांगत असतील. मला मात्र रात्रंदिवस वाटतं की ती एका दोरीला धरून होती आणि मी ती दोरी साफ करायला म्हणून सोडवली. मला काही करता येत नाही. आयुष्यभर मी लोकांच्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या, लोक पाणी वर आलं की हात जोडायचे. इथे मी पान्यांची पेटी उघडून बसतो आणि बंद करतो.

आता मी घरात पाहुणा आहे. पहिले काही दिवस ती घाबरायची, आता सवय झाली. बायजाबाईंनी तिला सांगितलं आहे की हे चांगल्या घरचे आहेत, वामनरावांचे, म्हणजे माझेच, ओळखीचे, काही दिवस राहतील. तिला पटलं. पाहुण्याशी ती किती चांगली वागते म्हणून सांगू. मला आधी वाढते. तूप विचारते. मी ताट उचलायला गेलो तर हातातून घेते, "राहू द्या, पाहुन्यानं ताट उचलू नये." माझ्याशी एवढ्या मऊ आवाजात ती लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलायची, मग मी ते घालवलं. आणि ती पाहुण्याला तिच्या नवऱ्याच्या गोष्टी सांगते. मी ऐकतो. ते लय कडक आहेत, जेवताना बोललं तर चालत नाही, पण भूक लागली हे तोंडाने सांगत नाहीत. पोरावर जीव आहे पण पोराशी बोलता येत नाही, गाडीचंच बोलतात.

परवा तिने पाचगावची गोष्ट सांगितली. तू पहिल्यांदा पुण्याला निघालास तेव्हा मी स्टेशनवर आलो नव्हतो, आठवतं? पाचगावचा पंप बंद पडला, गाव तहानलं आहे, असं सांगून मी सकाळीच निघून गेलो. तू त्यावर पुष्कळ दिवस रागावला होतास. आई पाहुण्याला म्हणाली, "पंप-बिंप काही बिघडला नव्हता भाऊ. संध्याकाळी आले तं कपड्याले चिखलाचा डाग नाही, हाताले गिरीस नाही. नुसते तिथं जाऊन बसून आले. रडून आले असन. मी काही म्हटलं नाही. मानसाले लाज वाटते." दुर्गेश, ते खरं आहे. पंप धडधडीत चालू होता, बाया पाणी भरत होत्या आणि मी ओट्यावर बसून होतो. एकीने विचारलं, भाऊ, काय बिघडलं? मी म्हटलं, काही नाही, पाहून राहिलो. मला वाटत होतं हे जगात फक्त मला माहीत आहे. तिला अठरा वर्षं माहीत होतं. तिने ते मला कधी कळू दिलं नाही, आणि आता सांगितलं तेही मला नाही.

तुला मी हे का लिहितो आहे, असं तू एव्हाना विचारत असशील. मी आपण होऊन लिहिलं नसतं. मी पुढच्या रविवारीही फोनवर म्हणालो असतो की बरी आहे, आणि लाल वायर छान चालते म्हणून सांगितलं असतं. पण आज सकाळी मी ओसरीवर पेपर वाचत होतो, तर ती तुझ्या जुन्या वहीतलं कोरं पान आणि पेन घेऊन आली. माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, "भाऊ, तुमी लिहिनारे दिसता. माह्या हाताले आता अक्षर येत नाही. माह्या पोराले एक चिठ्ठी लिहून देता का? दुर्गेश नाव हाये त्याचं, पुन्याले राह्यते." मी म्हटलं, देतो, काय लिहू? ती बराच वेळ गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लिहा का तुझे बाबा लय दिवसाचे घरी आले नाहीत. खरखर झाली होती एकदा, पण ते नव्हते. मी एकटी कुठं पाहू? तू ये म्हना, अन् त्याहीले शोधून आन." तिने माझ्याकडून दोनदा वचन घेतलं की मी हे सगळं लिहीन, काही गाळणार नाही. मी काही गाळलेलं नाही. तू ये, बाबू. आई सांगते आहे, तुझे बाबा अजून घरी आलेले नाहीत.

तुझाच,
बाबा